पाय टोचतोय म्हणून लगेच नवीन पाय घेऊ नका, आधी लाल डाग कुठं उठतोय ते बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं आहे की वडील ५७ वर्षांचे, शुगरमुळं डावा पाय गुडघ्याखाली कापून १४ महिने झाले, पाचव्या महिन्यात शिबिरात कृत्रिम पाय मिळाला, सुरुवातीला चार-पाच महिने मस्त चालले, अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात परत कामाला पण जायला लागले, मग हळूहळू नडगीच्या टोकाला दुखायला लागलं, तिथं ते कापूस कोंबून चालायचे, शेवटी जखम झाली आणि आता तीन आठवडे पाय कोपऱ्यात आणि ते कुबडीवर. आणि कुणीतरी सांगितलंय की शिबिराचा पाय असाच असतो, कर्ज काढून इम्पोर्टेड पाय बसवा.

कर्ज काढू नका. निदान आत्ता तरी नाही. मी सोलापुरात २२ वर्षं हेच काम करतोय, माप घेणं, सॉकेट (कापलेला पाय ज्यात बसतो ती कडक खोळ) बनवणं, घासणं, परत घासणं, आणि तुम्ही जे लिहिलंय ते मी दर आठवड्याला ऐकतो. पेशंट दारातून आत येतानाच म्हणतात, "सर, पाय टोचलालाय बगा." आणि दहातल्या बऱ्याच वेळेला पाय वाईट नसतो, माणसाचा स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पाय, बदललेला असतो आणि सॉकेट तिथंच राहिलेलं असतं.

पण आधी जखमेचं बोलू. ती पूर्ण भरेपर्यंत पाय घालायचा नाही, लग्नाला जायचंय म्हणून तासभर पण नाही. शुगरच्या माणसाची जखम वरून कोरडी दिसते आणि आतून ओली असते, म्हणून भरली की नाही हे तुम्ही ठरवू नका, ज्या सर्जननी ऑपरेशन केलं त्यांना दाखवा, आणि वास येत असेल, पू असेल, ताप असेल किंवा कडा काळ्या पडत असतील तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी जा. शुगर आटोक्यात नसेल तर मी कितीही चांगलं सॉकेट बनवलं तरी कातडी टिकणार नाही.

आता हे झालं कसं ते सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. पाय कापल्यावर स्टंपला सूज असते आणि स्नायूंना काम राहत नाही, त्यामुळं पहिलं वर्ष-दीड वर्ष स्टंप बारीक होत जातो. तुमच्या वडिलांचं माप पाचव्या महिन्यात घेतलं, म्हणजे अजून बरीच सूज उतरायची होती. सॉकेट हे नरसाळ्यासारखं असतं बघा, वर रुंद आणि खाली निमुळतं, आणि माणसाचं वजन तळावर नाही तर बाजूच्या उतरत्या भिंतींवर पेललं जायला पाहिजे. स्टंप बारीक झाला की तो त्या नरसाळ्यात खाली सरकतो, आणि एक दिवस नडगीचं टोक खालच्या टणक भागावर आपटायला लागतं. वडिलांनी काय केलं, जिथं दुखतंय तिथंच कापूस भरला. बिचाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, सगळेच असं करतात, पण त्यानं त्या टोकाखालची जागा अजून कमी झाली आणि दाब अजून वाढला. बूट चावतोय म्हणून त्याच जागी आतून पुठ्ठा घातला तर काय होईल, तसंच.

म्हणून मी पहिल्या दिवशी प्रत्येक पेशंटला सांगतो, दुखतंय एकीकडं आणि कारण असतं दुसरीकडं. दुखऱ्या जागेवर गादी घालायची नसते, तिच्या आजूबाजूला घालायची असते. नडगीच्या धारेवर टोचत असेल तर धारेच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर पॅड द्यायचं, म्हणजे भार मांसावर येतो आणि मधलं हाड उचललं जातं. गुडघ्याखालच्या सॉकेटचं सगळं गणितच हे आहे. गुडघ्याच्या वाटीच्या खालची जाड शीर (रक्ताची नाही, स्नायूबंध), नडगीच्या आतल्या बाजूचा वरचा पसरट भाग, नडगीच्या दोन्ही बाजूचं मांस आणि मागची पोटरी, हे दाब सहन करतात. नडगीची धार, तिचं खालचं टोक, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला थोडं खाली हाताला लागणारा हाडाचा गोटा आणि गुडघ्यामागच्या लवणीतल्या दोन्ही बाजूच्या दोरीसारख्या शिरा, हे सहन करत नाहीत. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात वाटीखालच्या शिरेवर भार घेणारं सॉकेट तयार केलं गेलं, आणि आजही बऱ्याच ठिकाणी गुडघ्याखालचा पाय त्याच विचारानं बनतो, फरक एवढाच की आता त्या एका शिरेवर जास्त दाबायच्या ऐवजी सगळ्या स्टंपवर भार वाटून द्यायचा प्रयत्न असतो.

आता लाल डागांचं. पाय काढल्या काढल्या स्टंप उजेडात धरा आणि डाग कुठं आहेत बघा. डाग उठणं वाईट नाही, भार घेणाऱ्या जागी लाली येणारच, पण ती दहा-पंधरा मिनिटांत विरायला पाहिजे. नाही विरली, किंवा हाडाच्या जागी आली, तर ते सॉकेटचं पत्र समजा आणि नीट वाचा.

वाटीच्या खालच्या कडेवर लाल झालंय, नडगीचं टोक दुखतंय, आणि बाहेरचा तो गोटा त्याच्यासाठी सोडलेल्या खळग्याच्या खाली जाऊन घासतोय, हे तिन्ही एकत्र दिसलं तर स्टंप खाली बुडालाय. स्टंपवर घालायचा मोजा वाढवा. तुमच्या वडिलांचं मला जवळजवळ हेच वाटतंय. याच्या उलट, वाटीखाली दोन बोटांवर नडगीचा जो उंचवटा असतो त्याच्यावर लाल डाग, आणि स्टंपचं टोक जांभळट, फुगलेलं, कधी पाणी सुटलेलं, तर स्टंप पूर्ण आत जातच नाहीये. मोजे जास्त झालेत नाहीतर सूज आलीय. याच्याकडं दुर्लक्ष करू नका, कारण टोकाला आधार नसताना वरून आवळलं गेलं की रक्त खाली साठतं, आणि महिनोन्महिने असं चाललं की टोकाची कातडी चामखिळीसारखी जाड आणि खरखरीत होते, चिरते, त्यात इन्फेक्शन होतं. अशा वेळी लोक सॉकेट सैल करून घ्यायला येतात, पण नुसतं सैल करून भागत नाही, आवळणारा भाग मोकळा करायचा आणि टोकाला नीट टेकू द्यायचा, दोन्ही करावं लागतं.

वर आतल्या बाजूला आणि खाली बाहेरच्या बाजूला, असे तिरके समोरासमोर डाग असतील तर सॉकेटला हात लावायच्या आधी पाऊल बघायचं, ते जास्त आत बसवलेलं असतं. उलटं तिरकं असेल तर पाऊल जास्त बाहेर. हे अलाइनमेंटचं, म्हणजे सॉकेटखाली पाऊल नीट जागेवर आणायचं काम आहे, घासून सुटत नाही.

अजून एक जोडी आहे, नडगीच्या टोकाला समोरून आणि मागं वर लवणीत. हिच्यावरून मी एकदा मोठी चूक केली होती, ती सांगायलाच पाहिजे. माझं काम सुरू होऊन दोन-तीन वर्षं झालेली, एक काका आले, विडी घरकुल भागातले, नडगीचं टोक दुखतंय म्हणून. मी तिथं आतून घासून जागा करून दिली. आठ दिवसांनी परत आले, जास्त दुखतंय. परत घासलं. तिसऱ्या वेळेला त्यांच्या पायात लक्ष गेलं, मुलीच्या लग्नात घेतलेला नवीन बूट होता, टाच चांगली जाड. त्यांचा पाय पातळ चपलेवर सेट केलेला. टाच उंच झाली की अख्खा पाय पुढं कलतो, गुडघा वाकायला बघतो, माणूस तो सावरायला स्टंप जोरात मागं ताणतो आणि नडगीचं टोक समोरच्या भिंतीवर दाबलं जातं. सॉकेटचा काही दोष नव्हता, मी मात्र चांगलं सॉकेट दोनदा घासून सैल करून ठेवलं आणि शेवटी त्यांना नवीन बनवून द्यावं लागलं. त्या दिवसापासून मी आधी पायातलं बघतो, मग पाय बघतो.

आपल्याकडं तर हे उलटं पण होतं. सिद्धेश्वराच्या देवळात, घरात, पंगतीत चप्पल काढली की टाच खाली जाते, पाय मागं कलतो आणि गुडघा मागं ढकलल्यासारखा वाटतो. जयपूर फूट १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी बनवला तोच अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून, उकिडवं बसणाऱ्या आपल्या माणसांसाठी, त्याला बूट लागतच नाही, त्यामुळं आपल्या जीवनाला तो चालतो आणि तो कमी दर्जाचा आहे म्हणून हिणवणं मला पटत नाही. पण वडिलांचं पाऊल नक्की कुठलं आहे, आणि ते अनवाणी सेट केलंय की चपलेवर, हे एकदा विचारून घ्या आणि मग तेवढ्याच टाचेची चप्पल कायम ठेवा.

आता घरी करून बघायच्या दोन गोष्टी, पण जखम भरल्यावरच. एक, कणकेचा बोराएवढा गोळा प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळून सॉकेटच्या तळाशी टाका, वडिलांना नेहमीसारखा मोजा घालून पाय चढवू द्या, दोन्ही पायांवर नीट भार देऊन उभं राहू द्या, मग काढून गोळा बघा. पापडासारखा चपटा झाला असेल तर स्टंप खाली आपटतोय, तसाच गोल राहिला तर खाली पोकळी आहे, थोडा दबला असेल तर बरोबर. दुसरं, पाय घातल्यावर सॉकेटच्या काठाशी मोज्यावर पेनानं रेघ मारा आणि पाय उचलायला सांगा, रेघ बोटाच्या रुंदीएवढी वर-खाली होत असेल तर पट्टा सैल आहे किंवा सॉकेट सैल आहे, आणि हे आत-बाहेर सरकणं पण जखमा करतं, प्रत्येक पावलाला कातडी घासली जाते. वाटीच्या वरचा पट्टा बऱ्याच वेळा फक्त जुना होऊन ताणलेला असतो, बदलला की निम्मा त्रास जातो.

मोज्यांबद्दल कुणी नीट सांगत नाही, शिबिरात तर एवढी गर्दी असते की सांगायला वेळच नसतो. सकाळी उठल्यावर स्टंप थोडा फुगलेला असतो, दोन-तीन तास चाललं की बारीक होतो. म्हणजे सकाळी सातला फिट बसलेला पाय अकराला सैल होतो आणि दुपारी टोचायला लागतो, माणसाला वाटतं दमल्यामुळं दुखतंय. वडिलांना सांगा, कारखान्यात जाताना खिशात एक पातळ मोजा ठेवायचा, चहाच्या सुट्टीला पाय काढून डाग बघायचे आणि गरज वाटली तर तो चढवायचा. एका जाड मोज्यापेक्षा दोन पातळ बरे, कमी-जास्त करता येतात. मोज्याला सुरकुती नको, शिवण हाडावर नको, टोकाला लोंबती पिशवी राहायला नको. आणि चार-पाच जाड मोजे चढवल्याशिवाय पाय बसतच नाही अशी वेळ आली की मोज्यांचा खेळ बंद करून नवीन सॉकेट घ्यायचं, कारण एवढ्या मोज्यांत सॉकेटचा आकारच हरवतो. लक्षात घ्या, नवीन सॉकेट म्हणतोय, नवीन अख्खा पाय नाही.

त्याच्या मधली पायरी पण आहे. कडक सॉकेटच्या आत जो मऊ फोमचा लायनर असतो त्याच्या बाहेरून, म्हणजे कातडीकडून नाही, नडगीच्या दोन्ही बाजूला आणि पोटरीला पातळ पॅड चिकटवून सॉकेट लहान करता येतं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, खर्च किरकोळ. प्लास्टिकचं सॉकेट असेल तर हीट गननं गरम करून एखादी जागा बाहेर पण काढता येते, फायबरचं असेल तर ते गरम करून वळत नाही, घासावं लागतं आणि घासायला पण मर्यादा असते. नेमकी कुठं जागा करायची हे शोधायला आम्ही दुखऱ्या ठिकाणी लिपस्टिकचा ठिपका लावून पाय चढवायला लावतो, आत ठसा उमटतो. उघड्या जखमेवर अर्थातच नाही.

नवीन सॉकेट बनवायची वेळ आलीच तर एक आग्रह धरा, आधी ट्रायलचं पारदर्शक सॉकेट करून द्या म्हणावं. त्यातून आतली कातडी दिसते, कुठं पांढरी पडतेय म्हणजे जास्त दाब, कुठं पोकळी आहे, सगळं डोळ्यांनी दिसतं. शुगरच्या पेशंटला मी याच्याशिवाय फायनल बनवत नाही, कारण त्यांच्या पायाला संवेदना कमी असते, दुखत नाही म्हणजे बरं आहे असं त्यांच्या बाबतीत धरताच येत नाही. म्हणूनच वडिलांनी रोज रात्री हातात आरसा धरून स्टंपची खालची आणि मागची बाजू बघायची, नजर अधू असेल तर तुम्ही बघा. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते, साधा एक लाल डाग चार दिवस कुणी बघितला नाही म्हणून माणूस परत ऑपरेशन टेबलवर जातो तेव्हा.

घाम. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला जातो आणि कारखान्यात पत्र्याखाली त्याहून जास्त, सॉकेटच्या आत काय होत असेल विचार करा. ओली कातडी लगेच सोलते. दुपारी एकदा पाय काढायचा, स्टंप कोरडा पुसायचा, मोजा बदलायचा, पाच मिनिटं हवा लागू द्यायची. आपल्या टेरी नॅपकिनएवढं चांगलं पुसायला दुसरं काही नाही, एक वेगळा राखून ठेवा. सुती मोजे किमान चार जोड हवेत. पाय घालायच्या आधी तेल, क्रीम, पावडरचे थर काहीच नको, तेल लावायचं तर रात्री. रात्रीच स्टंप साध्या साबणानं धुवा, सकाळी धुऊन ओल्यावर पाय चढवला की फुगलेली कातडी घासते. नळाला आपल्याकडं रोज पाणी येत नाही हे मला माहितीय, एक तांब्या पाणी पुरतं.

तुम्हाला सुचवलेल्या तसल्या इम्पोर्टेड पायात जो सिलिकॉन लायनर असतो, म्हणजे थेट कातडीवर चढवायचा रबरासारखा मोजा, तो चांगली वस्तू आहे, नाही म्हणत नाही. आइसलंडचे ओसुर क्रिस्टिन्सन, जे स्वतः कृत्रिम पाय वापरायचे, त्यांनी १९८० च्या दशकात तो आणला आणि बऱ्याच लोकांचं चालणं सुधारलं. पण त्याच्यात घाम साठतो, रोज धुऊन वाळवावा लागतो, चढवताना टोकाला हवा राहिली की फोड येतात, एक-दोन वर्षांत बदलायला लागतो आणि तो खर्च परत परत आहे. ज्याचा स्टंप अजून बारीक होतोय त्याला तो आत्ता घातला तर सहा महिन्यांत तोही सैल. आणि कार्बनचं पाऊल कितीही भारी असलं तरी वरचं सॉकेट बसत नसेल तर तो लाखाचा पाय पण कोपऱ्यातच जातो, मी असे पाय लोकांच्या माळ्यावर बघितलेत. पैसे टाकायचेच असतील तर सॉकेटवर टाका, आणि अशा माणसाकडं टाका जो सहा महिन्यांनी परत दारात आल्यावर ओळख दाखवेल. तो रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडं (या कामाच्या लोकांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) रजिस्टर आहे का हे विचारायला लाजू नका.

सध्या जखम भरतेय तोपर्यंतचे तीन-चार आठवडे फुकट घालवू नका. स्टंप दिवसभर खाली लोंबता ठेवला की सुजतो, मग आधी सैल होत असलेला पायच आता चढत नाही असं होतं. सर्जनची परवानगी असेल तर क्रेप बँडेज आठाच्या आकारात बांधायचं, टोकाला घट्ट आणि वर सैल, गोल गोल आवळून कधीच नाही, आणि दिवसातून तीन-चारदा सोडून परत बांधायचं. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू देऊ नका, आराम वाटतो पण गुडघा वाकलेलाच अडकतो आणि मग कुठलंही सॉकेट सरळ बसत नाही. बसल्या बसल्या गुडघा ताणून सरळ धरायचा, दहा मोजायचे, सोडायचं, दिवसातून पाच-सहा वेळा.

आणि उजव्या पायाची काळजी. कुबडीवर सगळा भार त्याच्यावर चाललाय, शुगर त्यालाही तेवढीच आहे. घरात पण अनवाणी फिरू देऊ नका, मऊ एमसीआर रबराची चप्पल द्या, बोटांच्या बेचक्या रोज बघा.

टोकाला हात लावला की वीज चमकल्यासारखी कळ जाते का, हेही विचारून घ्या. तसं असेल तर कापलेल्या नसेची गाठ असू शकते, ती सॉकेट घासून जात नाही, सर्जनलाच दाखवायची. नसलेल्या पायाची बोटं दुखणं वेगळं, ते खोटं नसतं, त्याला औषध असतं, वडील लाजून सांगत नसतील तर तुम्ही विषय काढा.

जखम भरली की पाय बनवणाऱ्याकडं जाताना सकाळी पहिला नंबर लावू नका, दुखतं संध्याकाळी तर संध्याकाळी जा, अर्धा तास पाय घालून चालून जा, म्हणजे डाग ताजे दिसतील. हाफ पँट, रोजची चप्पल, आत्ता वापरतात ते सगळे मोजे आणि तो कापूस पण बरोबर न्या. शिबिरवाल्यांचा पत्ता लागत नसेल तर मुंबईला हाजीअलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, पुण्याला आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, पण पॅड आणि पट्ट्याच्या कामाला एवढं लांब जायची गरज नाही, ते सोलापुरातच होतं. आणि नवीन सॉकेट लागलंच तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत बसतंय का ते आधी बघा, त्यासाठी वडिलांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर या रिकाम्या दिवसांत ते काम उरकून घ्या.

परत सुरू करताना पहिल्या दिवशी सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, प्रत्येक वेळी काढून डाग बघायचे, सगळं ठीक असेल तर रोज थोडं वाढवायचं, कारखान्याची आठ तासांची उभी ड्युटी पहिले काही आठवडे नकोच, मालकाला सांगून बसून करायचं काम मागा. मला डाग कुठं उठतोय ते कळवा, वाटीपासून किती बोटं खाली, समोर की बाहेरच्या अंगाला, आणि किती वेळात विरतो. तेवढ्यावरून मोजा की पॅड ते सांगता येईल.